उणे ऐंशी

मे महिन्यातली संध्याकाळ, साडेसहाची वेळ. पुण्यातली एक प्रयोगशाळा. वीज गेली आणि जनरेटर काही केल्या लागेना. आम्ही सगळे धावलो ते एकाच दिशेनं, कोपऱ्यातल्या उणे ऐंशीच्या डीप फ्रीझरकडे. दारावरचा तापमानाचा लाल आकडा बॅटरीवर चालायचा. उणे ७८. मग उणे ७५. आमच्यातली सगळ्यांत सीनियर, जिला आम्ही ताई म्हणायचो, तिनं दाराच्या फटीवर चिकटपट्टी मारली आणि दाराला पाठ टेकून फरशीवर बसली. कुणी चुकूनसुद्धा दार उघडू नये म्हणून. आत तिची चार वर्षं होती. खोकी, खोक्यांत बोटभर नळ्या, नळ्यांवर तिच्या हातची मुंगीएवढी अक्षरं. एकाला सुक्या बर्फासाठी स्कूटरवर पिटाळलं. उणे ६६. ती रडली नाही, कुणावर ओरडली नाही. दर दोन मिनिटांनी मान वर करून आकडा बघायची आणि मोठ्यानं वाचायची. पावणेअकराला वीज आली तेव्हा आकडा उणे ५४ वर होता. नळ्या वाचल्या. ताईला उठवायला दोघांनी हात दिला, कारण तिचे पाय बधिर झाले होते.

चार तासांची ती गोष्ट इतकी वर्षं डोक्यात का घर करून होती, ते २०२२ च्या ऑक्टोबरात कळलं. त्या महिन्यात रशियानं युक्रेनची वीजकेंद्रं आणि उपकेंद्रं हेरून त्यांच्यावर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडायला सुरुवात केली, आणि पुढं हिवाळ्यामागून हिवाळे तेच चाललं. टीव्हीवर अंधारलेली शहरं दाखवत होते. माझ्या डोळ्यांपुढं फ्रीझर होते. कीव्हमध्ये विद्यापीठ आहे, खारकीव्हमध्ये आहे, ल्विव्हमध्ये आहे, आणि प्रत्येक ठिकाणी कुठल्यातरी कोपऱ्यात एक फ्रीझर उभा आहे. त्याच्या दाराला पाठ लावून कुणीतरी पंचविशीतलं पोर बसलेलं असणार. आमची रात्र पावणेअकराला संपली. त्यांची संपायचं नाव घेत नाही.

म्हणून या आठवड्यात त्या पोरांबद्दल.

खारकीव्ह हे नाव आपल्या घराघरांत पोहोचलं ते २०२२ च्या मार्चमध्ये, तिथं अडकलेल्या भारतीय मेडिकल विद्यार्थ्यांमुळे. महाराष्ट्रातल्या कितीतरी आयाबापांनी ते दिवस फोन उशाशी घेऊन काढले. मुलं परत आली आणि शहर बातम्यांतून गेलं. फिजिक्सवाल्यांना मात्र ते गाव जुन्या ओळखीचं. एम.एस्सी.ला असताना लांदाऊ-लिफशिट्झचे खंड ज्यांनी लायब्ररीत डोकं धरून वाचले आहेत, त्यांना सांगायला नको. त्या ग्रंथमालेची मुळं खारकीव्हच्या भौतिकी-तंत्रज्ञान संस्थेत आहेत. १९३२ मध्ये लेव्ह लांदाऊ तिथं सैद्धांतिक विभाग सांभाळायला आले तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. चोवीस! आपल्याकडे त्या वयाच्या पोराला प्रयोगशाळेची किल्लीसुद्धा सही करून मिळते. लिफशिट्झ तर खारकीव्हमध्येच जन्मले, तिथंच शिकले. आणि त्याच संस्थेतल्या लेव्ह शुब्निकोव्ह यांना, अतिशीत तापमानांवर काम करणाऱ्या अव्वल माणसाला, स्टालिनच्या राजवटीनं १९३७ मध्ये गोळी घातली. छत्तीस वर्षांचे होते. तरुणांच्या हाती विज्ञान दिलं की काय होतं आणि ते हात तोडले की काय होतं, दोन्ही या शहरानं पाच वर्षांच्या आत पाहिलं.

२०२२ मध्ये त्या संस्थेच्या आवारातल्या न्यूट्रॉन सोर्सवर पुन्हा पुन्हा मारा झाला. काराझिन विद्यापीठ १८०४ चं. त्याच्या इमारतींची छतं उडाली. शहरापासून थोडं दूर ह्राकोवे गावाजवळ एक रेडिओ दुर्बीण आहे, यूटीआर-२. तिला आपल्या डोळ्यांसमोर येते तशी तबकडी नाही. शेतासारख्या सपाट जमिनीवर टी अक्षराच्या आकारात २,०४० अँटेना ओळीनं उभ्या आहेत. दहा-वीस मीटर लांबीच्या रेडिओलहरी पकडणारी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण. रशियन सैन्यानं ती जागा ताब्यात घेतली आणि २०२२ च्या सप्टेंबरात ते हटलं तेव्हा मागं उरलं ते लुटलेलं, जळकं सामान. नारायणगावला उतरून खोडदची जीएमआरटी पाहायला गेलेल्या कुणीही क्षणभर मनात आणून बघावं. त्या तीस तबकड्यांच्या मधे रणगाडे उभे आहेत, कंट्रोल रूमच्या खिडक्या फुटल्या आहेत, संगणक उचलून नेले आहेत, आणि तुमच्या घरातली मुलगी गेली तीन वर्षं त्याच दुर्बिणीच्या आकड्यांवर थीसिस लिहिते आहे.

युनेस्कोनं २०२४ च्या मार्चमध्ये हिशेब मांडला. युक्रेनमधल्या १७७ वैज्ञानिक संस्थांच्या १,४४३ इमारतींना झळ पोहोचलेली, आणि सगळं पुन्हा उभं करायला लागणार १२६ कोटी डॉलर. इमारतींचा पंचनामा होतो. खिडक्या मोजता येतात, सूक्ष्मदर्शकाची किंमत पावतीवर असते. त्या मुलीच्या तीन वर्षांचा पंचनामा कुणी करत नाही.

आणि नेमकी तीच वर्षं भरून येत नाहीत. साठीच्या प्राध्यापकाचं तसं नसतं. त्याचं नाव झालेलं असतं, शंभर निबंध छापलेले असतात, बर्लिनमध्ये मित्र असतो, बोस्टनमध्ये जुना विद्यार्थी असतो. एक मेल टाकला की चार ठिकाणांहून बोलावणं येतं. पीएच.डी.च्या चौथ्या वर्षातल्या पोराकडे काय असतं? अर्धा थीसिस, एक निबंध परीक्षकांकडे अडकलेला, एक गाईड, आणि फ्रीझरमधल्या नळ्या. त्याला अजून कुणी ओळखत नाही. ओळख व्हायचं जे वय, तेच युद्धात जातं. गाईड आघाडीवर गेला किंवा परदेशी गेला, की त्याच्या कामाला वारसदारच उरत नाही.

वर आणखी एक घड्याळ टिकटिकत असतं. तरुण संशोधकांसाठीच्या बहुतेक फेलोशिपांच्या अर्जात एक रकाना असतो: पीएच.डी. होऊन किती वर्षं झाली? दोन ते सात चालतील, पाचच्या आत हवीत, असलं काहीतरी. तळघरात काढलेलं वर्षही त्या रकान्यात वर्ष म्हणूनच मोजलं जातं. बाळंतपणासाठी घड्याळ थांबवायला जग आता कुठं शिकलं, तेही बायकांनी दशकानुदशकं भांडल्यावर. युद्धासाठी ते आपोआप थांबलं पाहिजे. अर्जदारानं पुरावे जोडायचे, समितीनं सहानुभूतीनं विचार करायचा, ही भानगडच नको. तुमच्या शहरावर बॉम्ब पडत होते, ती वर्षं वजा. संपलं.

पहिल्या महायुद्धात हेन्री मोझली नावाचा एक तरुण होता. १९१३-१४ मध्ये त्यानं क्ष-किरणांच्या मोजणीतून दाखवून दिलं की मूलद्रव्याचा क्रमांक म्हणजे नुसता रांगेतला नंबर नव्हे, तो अणूच्या गाभ्यातल्या विद्युतभाराचा आकडा आहे. आज दहावीच्या पुस्तकात आवर्तसारणी ज्या क्रमानं छापलेली असते, तो क्रम त्याच्यामुळे पक्का झाला. युद्ध सुरू झालं आणि तो सैन्यात भरती झाला. १९१५ च्या १० ऑगस्टला गॅलिपोलीत गोळी लागून मेला, सत्ताविसाव्या वर्षी. त्याचे गुरू रदरफोर्ड यांनी त्या वर्षीच छापून विचारलं होतं, असा माणूस खंदकात पाठवण्याइतकी आपली व्यवस्था आंधळी कशी? ब्रिटनला तो प्रश्न झोंबला. पुढच्या महायुद्धात शास्त्रज्ञांची यादी करून त्यांना त्यांच्याच कामावर ठेवायची काळजी घेतली गेली. एका मोझलीला जावं लागलं तेव्हा कुठं यादी करायचं सुचलं.

आता २०२२ कडे येतो. युरोपनं तेव्हा हालचाल खरोखर चटकन केली, ते मनापासून मान्य केलं पाहिजे. युरोपीय आयोगानं युक्रेनच्या विस्थापित संशोधकांसाठी अडीच कोटी युरोंची मारी क्युरी फेलोशिप काढली. ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी युक्रेनमधल्या विद्यापीठांशी जोड्या लावल्या. जर्मनीत हुम्बोल्ट प्रतिष्ठानची फिलिप श्वार्ट्झ योजना २०१५ पासून होतीच. ते नाव का दिलं, तेही सांगतो. श्वार्ट्झ हे फ्रँकफर्टचे पॅथॉलॉजिस्ट. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू म्हणून नोकरीवरून काढलं. ते झुरिचला निसटले आणि स्वतःची सोय बघायच्या आधी त्यांनी हाकललेल्या जर्मन शास्त्रज्ञांना नोकऱ्या शोधून देणारी संस्था काढली. इस्तंबूल विद्यापीठात त्यांनी कितीतरी जणांना जागा मिळवून दिल्या. ज्या देशानं त्यांना हाकललं त्याच देशाची आजची मदत त्यांच्या नावानं चालते, हे मला फार मोठं वाटतं.

पण या बहुतेक योजनांचं दार एकाच बाजूला उघडतं. बाहेर या, मग देतो.

बाहेर कसं यायचं? युक्रेनमध्ये युद्धकाळाचा कायदा लागू आहे. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना, थोडे अपवाद सोडले तर, सीमा ओलांडता येत नाही. २०२५ च्या ऑगस्टात बावीसपर्यंतच्या मुलांना मुभा दिली. बाविसाव्या वर्षी माणसाची धड एम.एस्सी. सुद्धा झालेली नसते. म्हणजे अठ्ठावीस वर्षांच्या, पोस्ट-डॉक शोधणाऱ्या पोराला मिळालेलं बोलावणं भिंतीवर लावून ठेवायच्या कामाचं. बायका निघू शकत होत्या. निघाल्याही. एका हाताला मूल, दुसऱ्या हाताला आई, पाठीवर लॅपटॉप. नवरा मागे. परक्या भाषेत शाळा शोधायची, घर शोधायचं, आणि मधल्या वेळात संशोधन. फेलोशिप वर्षाची किंवा दोन वर्षांची. युद्धानं त्या मुदती केव्हाच ओलांडल्या. तिसऱ्या वर्षी त्या बाईनं कुठं जायचं? परत जावं तर लॅब नाही. राहावं तर व्हिसा नाही.

आणि जे मागे राहिले त्यांचं काय? तिथं दोन भिंतींचा नियम म्हणतात. सायरन झाला की अशा जागी बसायचं जिथं रस्ता आणि आपण यांच्यामध्ये दोन भिंती असतील. पहिली भिंत स्फोट झेलते, दुसरी काचा आणि विटांचे तुकडे. म्हणजे बोळ, नाहीतर न्हाणीघर. युक्रेनमधली कितीतरी लेक्चरं, कितीतरी थीसिसची प्रकरणं, या दोन भिंतींच्या मधे बसून झाली आहेत. या माणसाला नेमकं काय लागतं याची यादी काही मोठी नाही. दरमहा पगार, तो असेल तिथं. पॉवर बँक, जनरेटरचं डिझेल. आणि संस्थेचं नाव पुसलं गेलं तरी चालू राहणारं लायब्ररीचं लॉगिन. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते. ती ज्यानं अनुभवली आहे त्याला विचारा. संस्थेचा मेल आयडी बंद झाला की त्या रात्रीपासून तुम्ही शास्त्रज्ञ नसता, कारण जर्नलचं एक पान तुम्हाला उघडत नाही.

अमेरिकेतल्या सायमन्स फाउंडेशननं हे ओळखलं आणि देश न सोडलेल्या युक्रेनी गणितज्ञांना, भौतिकशास्त्रज्ञांना, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना तिथल्या तिथं पैसे दिले. माझ्या मते सगळ्यांत शहाणी मदत हीच. माणूस जिथं आहे तिथं त्याला विज्ञानात टिकवून धरायचं.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणालं की मी बंगळूरचं उदाहरण देतो. १९३९ मध्ये होमी भाभा केंब्रिजहून सुट्टीला घरी आले होते, वय तिशीच्या आत. सप्टेंबरात युद्ध पेटलं आणि परतीचा रस्ता बंद झाला. सी. व्ही. रामन तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. त्यांनी भाभांना तिथं रीडर म्हणून जागा दिली, टाटांच्या ट्रस्टनं विश्वकिरणांच्या संशोधनाला पैसे दिले. भाभा अडकलेल्या जागीच कामाला लागले. त्याच युद्धामुळे विशीतले विक्रम साराभाई केंब्रिजहून परतले. केंब्रिजनं त्यांना काय सांगितलं असेल? इथं हजर राहा, नाहीतर नाव काढतो? नाही. बंगळूरला रामन यांच्या हाताखाली संशोधन करायला परवानगी दिली. साराभाईंनी विश्वकिरण मोजले, १९४२ मध्ये पहिला निबंध छापला, युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये केंब्रिजला परतले आणि १९४७ मध्ये पीएच.डी. घेतली. मधल्या वर्षांचा दंड कुणी लावला नाही. एक टेबल, एक अनुदान, एक परवानगीचं पत्र. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, १९४७ मध्ये अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा. त्या टेबलावरून काय काय निघालं ते मुंबईत कुलाब्याला जाऊन बघता येतं.

हे दोघेही श्रीमंत घरचे होते, हे विसरून चालणार नाही. त्यांना थांबायला परवडलं. त्याच १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन कमला भागवत, आपल्या कमलाबाई सोहोनी, भारतात परतल्या. सहा वर्षांपूर्वी याच रामन यांनी बाई म्हणून त्यांना बंगळूरला प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या तेव्हा अटी घालून घेतलं. टेबल कुणाला मिळतं आणि कुणाला मागून घ्यावं लागतं, हा प्रश्न युद्ध नसतानाही असतो. युद्धात तो दसपट होतो. म्हणून मदत ओळखीवर सोडू नये. नियमात लिहावी.

आणि जिला टेबल कुणीच दिलं नाही तिची गोष्ट. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी. इटलीत तूरिनला नुकती डॉक्टर झालेली. १९३८ च्या वंशकायद्यांनी ज्यू म्हणून विद्यापीठाबाहेर काढली. युद्ध सुरू झालं तेव्हा तिनं आपल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात मज्जातंतू कसे वाढतात हे तिला बघायचं होतं. अवजारं नव्हती. शिवणाच्या सुया तिनं दगडावर घासून घासून शस्त्रक्रियेच्या सुऱ्यांएवढ्या बारीक केल्या. अंडी शेतकऱ्यांकडून मागून आणायची, आणि प्रयोग झाला की उरलेली घरात खायची, कारण अन्नाची टंचाई होती. तिचे गुरू ज्युझेप्पे लेव्ही, त्यांनाही काढलेलं, ते तिच्या खोलीत येऊन तिचे सहायक झाले. गुरू शिष्येचा सहायक. सायरन वाजला की ती सूक्ष्मदर्शक आणि चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या काचपट्ट्या उचलून तळघरात न्यायची. मला ती जिन्यावरून उतरताना दिसते. घरातले लोक पैसा-अडका उचलत असतील, ही काचपट्ट्या छातीशी धरून.

इटलीतली नियतकालिकं ज्यूंचं काही छापत नव्हती. बेल्जियममधल्या एका नियतकालिकानं तिचे निबंध छापले. ते अमेरिकेत व्हिक्टर हाम्बुर्गर यांनी वाचले आणि युद्धानंतर तिला सेंट लुइसला बोलावून घेतलं. १९८६ मध्ये नोबेल. तिच्या जिद्दीचं कौतुक सगळे करतात. मी त्या बेल्जियन संपादकाबद्दल विचार करतो. युद्धाच्या धामधुमीत परदेशातल्या एका काढून टाकलेल्या मुलीचा निबंध त्यानं वाचला आणि छापला. आजच्या संपादकांच्या हातातही तेवढं आहे. निबंध परीक्षकांकडून परत आला आणि तीन आठवड्यांत सुधारून द्या म्हटलं, तर खारकीव्हच्या पोरीला तीन महिने द्या. मागितले नसले तरी द्या. छपाईची फी माफ करा.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट खुपते, ती बोलूनच टाकतो. युक्रेनसाठी जे महिन्याभरात सुचलं ते सुदानसाठी सुचलं नाही, गाझासाठी तर नाहीच. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२४ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की गाझात तोवर विद्यापीठांतले ९५ प्राध्यापक मारले गेले होते. २०२३ च्या डिसेंबरात इस्लामिक युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष, भौतिकशास्त्रज्ञ सुफियान तायेह कुटुंबासकट गेले. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांना कुठल्या खंडानं फेलोशिप काढून दिली?

सुदानमध्ये २०२३ च्या १५ एप्रिलला दोन सेनापतींचं युद्ध पेटलं. त्या डिसेंबरात वाद मदनी शहर पडलं आणि तिथली राष्ट्रीय बीजपेढी लुटली गेली. तिथल्या फ्रीझरांत काय होतं? ज्वारी. आपली ज्वारी. माणसानं रानटी गवतातून ज्वारी हाताशी धरली ती पाच-एक हजार वर्षांपूर्वी त्याच प्रदेशात. सोलापूरच्या ताटातल्या भाकरीचं आजोळ ते. तिथल्या शास्त्रज्ञांनी जीव धोक्यात घालून वाचलेलं वाण गोळा केलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुदानचं बियाणं नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या बर्फातल्या तिजोरीत पोहोचलं. डोळे भरून आले ती बातमी वाचून. आणि लगेच संतापही आला. ज्वारीच्या बियांना उणे अठरा अंशांची तिजोरी आहे. त्या बिया एकमेकींपासून ओळखू शकणाऱ्या सुदानी पोरांना कुठं ठेवलंय आपण?

थोडी पोरं तर आपल्या पुण्यातच आहेत. सुदानची, येमेनची, सीरियाची, अफगाणिस्तानची मुलंमुली इथं वर्षानुवर्षं शिकायला येतात. कोंढव्यात, कॅम्पात चार जण मिळून खोली घेऊन राहतात. २०२१ च्या ऑगस्टात काबूल पडलं तेव्हा पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांची झालेली घालमेल या शहरानं पाहिली आहे. घरून पैसे येणं बंद, बँक बंद, पासपोर्ट संपत आलेला, आणि व्हिसा वाढवायला विद्यापीठाचं बोनाफाईड हवं. बोनाफाईडसाठी फी भरलेली हवी. फी घरून यायची होती. हे वर्तुळ कुलगुरूंच्या एका सहीनं तुटतं. ज्याच्या देशात युद्ध आहे त्या संशोधक विद्यार्थ्याची फी पुढं ढकला, सबमिशनची मुदत मागू न देता वाढवा, सुट्टीतही हॉस्टेल उघडं ठेवा, आणि गाईडला सांगा की दर आठवड्याला एकदा त्याला चहाला घेऊन जा. शांततेच्या काळातसुद्धा आपल्या स्कॉलरांची फेलोशिप महिनोन् महिने अडकते हे मला ठाऊक आहे. त्या अडचणीनं तरी या मुलांची अडचण आपल्याला लवकर कळायला हवी.

खोडदच्या दुर्बिणीवर निरीक्षणाचा प्रस्ताव जगातून कुणालाही पाठवता येतो, आणि तिनं गोळा केलेला जुना डेटा मागणाऱ्याला मिळतो. ह्राकोवेच्या दुर्बिणीच्या लहरी वेगळ्या, खोडदच्या वेगळ्या. ह्राकोवेच्या आकड्यांवर थीसिस लिहिणाऱ्या पोरीचं काम जसंच्या तसं इथं होणार नाही. पण आकडे वाचायचा हात तरी चालू राहील. आपल्या इथल्या कुणा शास्त्रज्ञानं तिला सहगाईड म्हणून एक पत्र लिहायचं, एवढंच लागतं. १९३५-३६ मध्ये जर्मनीतून हाकललेले माक्स बॉर्न बंगळूरला आले होते. रामन त्यांना ठेवून घेण्यासाठी धडपडले; संस्थेतल्या एका इंग्रज प्राध्यापकानं बैठकीत त्यांचा अपमान केला, बेत फिसकटला, आणि बॉर्न एडिनबराला निघून गेले. १९५४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एकदा आलेला माणूस आपण घालवला आहे. पुन्हा नको.

२०२२ च्या मार्चमध्ये खारकीव्हमध्ये युलिया झ्दानोव्स्का ही एकवीस वर्षांची मुलगी क्षेपणास्त्राच्या माऱ्यात गेली. मुलींच्या युरोपियन गणित ऑलिंपियाडमध्ये २०१७ ला रौप्यपदक मिळवलेली, शिक्षिका म्हणून काम करणारी. शहर सोडायच्या ऐवजी मदतीला थांबली होती. त्या जुलैत हेलसिंकीत युक्रेनच्या मारिना व्याझोव्स्का यांना फील्ड्स पदक मिळालं तेव्हा त्यांनी युलियाची आठवण काढली. अमेरिकेत एमआयटीतल्या गणितज्ञांनी तिच्या नावानं युक्रेनच्या शाळकरी मुलांसाठी गणिताचे फुकट ऑनलाइन वर्ग सुरू केले. युलियाचं स्वप्न, असं त्यांचं नाव. वर्गाला मुलं ठरलेल्या वेळी येतात. सायरन झाला की लॅपटॉप उचलतात, दोन भिंतींच्या मधे जाऊन बसतात, आणि गणित जिथं सोडलं होतं तिथून पुढं धरतात.